आखाजीच्या उन्हात लळिंगच्या माळावर कोण कोण भेटलं

माळकरी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या: खापरावरची पुरणपोळी आणि भाचीचं "मामा, कंटाळा आला". यंदा तिने तिसऱ्याच दिवशी सुरुवात केली. पुण्यात वाढलेली, सहावीत जाणारी पोरगी. धुळ्याच्या मे महिन्यात घरात बसून करणार काय? म्हटलं, उद्या पहाटे लळिंगच्या माळावर जाऊ. तर म्हणे, "तिथे काय बघायचंय? उन्हाळ्यात सगळं मेलेलंच असतं." आतून आईने तिचीच री ओढली, "उन्हायामा कोन जास व माय तठे!"

तरी गेलो. पहाटे साडेपाचला निघालो, साडेनऊला घरी. चार तासांत चाललो असू जेमतेम दीड किलोमीटर, कारण पोरगी एकदा खाली बसली की उठायचं नाव नाही. मी या माळावर गेली वीस वर्षं जातोय, पण किल्ल्याकडे बघत. खाली बघायला मला तिने लावलं, हे आधीच कबूल करतो.

पहिला अर्धा तास मोज्यांतली कुसळं काढण्यात गेला. वैतागून तिने एक कुसळ तळहातावर घेतलं आणि त्यावर थुंकली (तिच्या आईला सांगू नका). ते कुसळ हळूहळू गोल फिरायला लागलं! किंचाळलीच. मग मी तिला सांगितलं की कुसळाचं शेपूट पीळ दिलेल्या दोरीसारखं असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. या फिरण्याने खालचं टोकदार बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. म्हणजे पहिल्या पावसाआधीच गवताने स्वतःची पेरणी उरकलेली असते. मला हे माहीत होतं, पण असं हातावर फिरताना कधी पाहिलं नव्हतं.

मग मुंग्या. बिळाच्या तोंडाभोवती भुशाचं बांगडीएवढं कडं, जणू कुणी मळणी करून पाखडून ठेवलंय. आत दाणे, बाहेर टरफलं. एक मुंगी स्वतःच्या तिप्पट लांबीचं बी ओढत आणत होती, वाटेत दगड आला की वळसा, पुन्हा सरळ बिळाकडे. भाचीचा प्रश्न: "तिला घर कसं सापडतं? सगळे दगड तर सारखेच आहेत." मला उत्तर आलं नाही. साडेआठनंतर एकही मुंगी बाहेर नव्हती. दगडाला हाताची मागची बाजू लावून पाहिली, तेव्हा कळलं का ते.

बोरीच्या सावलीत, जिथे फुफाटा अगदी पिठासारखा होता, तिथे नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे. दहा-बारा तरी. लहानपणी आम्ही यात काडी घालून तळातला किडा बाहेर काढायचो. तो हातावर ठेवला की उलटाच चालतो. तिने काडी न घालता एक मुंगी कधी पडते याची वाट बघितली, पंधरा मिनिटं. पडली. मुंगी वर चढायला लागली तशी तळातून मातीचा मारा सुरू झाला, आणि मग काही दिसलं नाही. भाची बराच वेळ गप्प.

रुईला बहर होता. मोठा काळा भुंगा एकेका फुलावर असा आदळत होता की फांदी वाकायची. त्याच झाडावर पिवळ्या अंगावर निळे पट्टे असलेला टोळ, इतका भडक की प्लास्टिकचा वाटावा. लपायचा प्रयत्नसुद्धा नाही. एरवी टोळ जवळ गेलं की उडी मारतो, हा शांतपणे पान खात बसलेला.

नेपतीला पान नाही, नुसत्या हिरव्या काटक्यांचा गुंता, त्यात विटकरी लाल फुलं संपत आलेली आणि गुलाबीसर फळं धरलेली. भोवती काळ्या शिरांची पांढरी फुलपाखरं. बाभळीच्या फांदीवर काड्यांचा एक जुडगा लटकत होता, बोटाच्या पेराएवढा. भाचीने हात लावला तर जुडगा चालायला लागला. आतून एक डोकं बाहेर आलं, दोन पावलं पुढे, घर मागून ओढत. परतताना दूर उतारावर अंजनाची चार झाडं तांबूस नव्या पालवीने पेटल्यासारखी उभी. आजूबाजूला हिरवं काही नाही आणि यांना आत्ताच नवे कपडे!

आता विचारायचं ते. एक: त्या खड्ड्यातल्या किड्याला तुमच्याकडे काय म्हणतात? दोन: जमिनीलगत एक काटेरी, पण हिरवंगार झुडूप दिसलं, फुलं जांभळट. मी जवासा म्हणालो, सोबतचा मित्र धमासा म्हणाला. पैज चहाची आहे. तीन: मुंगीच्या घराचा प्रश्न. भाची रोज रात्री विचारते, "आलं का उत्तर?"

केळीचं पान

भाचीला माझ्याकडून एक आमरसाची वाटी. लेख वाचून रावेरच्या उन्हातही माळावर जावंसं वाटलं. जाणार नाही, पण वाटलं.

वावरवाला

माळकरीभाऊ, तुम्ही किडा देखाले जातस, आमना वावरमा त्या सोताच येतस!

गंमत सोडा. तुमच्या यादीत एक राहिला, कारण तुम्ही पहाटे गेलात. वळवाचा एक सडाका पडू द्या आणि मग दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंबाखाली किंवा बाभळीखाली उभे राहा. पानांचा कुरकुर आवाज येतो. ते भुंगेरे, हुमणी या मुळं खाणाऱ्या अळीचे आईबाप. वर्षभर जमिनीत असतात, पाऊस शिंपडला की बाहेर पडून निंब-बाभूळ-बोरीवर जमतात, पाला खातात, जोड्या लावतात आणि उजाडायच्या आत परत मातीत. नंतर अंडी मातीत, त्यातून हुमणी, मग ऊस असो की भुईमूग, मुळं साफ. हा मे-जूनचा आठवडा-दोन आठवडे हाती लागला तर लागला. आम्ही फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करतो आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतो. एक मादी मेली की तिची सगळी अंडी टळली. अंडी टळली म्हणजे आपण वाचलो, असं समजा.

आणि जाता जाता: पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) ढीग अजून बांधावर असतील तर हलवा. गुलाबी बोंडअळी त्यातच उन्हाळा काढते. १ जूनच्या आधी कापूस लावू नका असं कृषी खातं घसा फोडून सांगतं, ते तिची उपासमार व्हावी म्हणून. पण शेजाऱ्याने विहिरीवर लावला की दुसऱ्याला धीर धरवत नाही. असो, माळाचा धागा आहे.

नानीचा बटवा

जवासा की धमासा हे फोटोशिवाय कसं सांगणार? तरी पेर बघा. धमाशाला पेराशी पानं समोरासमोर, आणि पानाच्या देठाशी येणाऱ्या बारीक उपपर्णांचेच काटे झालेले असल्याने एका पेरावर चार काटे. फूल पाच सुट्या पाकळ्यांचं. जवाशाला पान एकेकटं, पानाच्या बगलेत एकच लांब काटा, आणि कित्येकदा त्या काट्यावरच फुलं. फूल वाटाण्याच्या फुलासारखं. जवासा मी तापीच्या काठी जास्त पाहिलाय, माळावर धमासाच जास्त शक्य.

माळकरी

नानी, फोटो मोठा करून पाहिला. चार काटे. फूल पाच पाकळ्यांचं. चहा गेला.

उलटा पाऊस

खड्ड्यातल्या किड्याला आमच्याकडे (अमळनेर) नाव नव्हतं, "उलटा चालणारा" एवढंच. पण तो मोठेपणी काय होतो हे किती जणांना माहीत आहे? चतुरासारखा लांब अंगाचा, चार जाळीदार पंखांचा कीटक. रात्री दिव्यावर येतो, आपण चतुर समजून सोडून देतो. चतुराच्या मिशा बघायला गेलं तर दिसतही नाहीत, याच्या मिशा ठळक आणि टोकाला जाड. ओळखायची खूण तीच.

खड्ड्याचा उतारही गमतीचा. कोरडी माती जितकी उभी राहू शकते तितकीच उभी ठेवलेली असते, त्याहून एक कण जास्त झाला की ढासळणार. म्हणून मुंगीच्या पायाखालची माती सरकते. किड्याला फारसं धावावं लागत नाही, माती त्याच्या बाजूने असते. आणि भाचीला हे आवडेल: या अळीला मागचं दारच नसतं. जे काही साठतं ते सगळं पोटात ठेवून बसते, कधीकधी दोन-तीन वर्षं, आणि पंख फुटल्यावर पहिल्यांदा मोकळी होते.

केळीचं पान

जेवताना वाचत होते. धन्यवाद.

शाळामास्तर निवृत्त

मुंगीच्या घराचं उत्तर मी देतो. सगळ्याच मुंग्या एकाच पद्धतीने जात नाहीत. बऱ्याच जणी वासाचा माग सोडतात. पण जिथे जमीन इतकी तापते की वास टिकतच नाही, तिथल्या मुंग्यांनी वेगळी युक्ती काढलीय. सहारा वाळवंटात लांब पायांची एक मुंगी आहे, ऐन दुपारी बाहेर पडते, उन्हाने मेलेले किडे गोळा करते आणि सरळ रेषेत घरी येते. दिशा तिला आकाशातल्या प्रकाशावरून कळते. अंतर कसं कळतं, हे कोडं होतं.

ट्युनिशियात शास्त्रज्ञांनी मुंग्यांना बिळापासून दहा मीटरवर खाऊ ठेवला. खाऊपाशी पोहोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांचे तुकडे चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय तोकडे केले. मग घरी जाऊ दिलं. लांब पायांच्या मुंग्या बिळाच्या पुढे निघून गेल्या, पंधरा मीटरच्या आसपास जाऊन घर शोधत बसल्या. तोकड्या पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. म्हणजे मुंगी पावलं मोजते! हे २००६ साली प्रसिद्ध झालं. आपल्या माळावरच्या दाणे वेचणाऱ्या मुंग्या हेच करतात असं मात्र मी म्हणणार नाही, त्या बहुधा वासाच्या वाटेने जातात. भाचीला सांगा, मुंगीच्या वाटेवरून ओलं बोट आडवं फिरव आणि बघ, पुढची मुंगी तिथे येऊन थबकते का.

माळकरी

मास्तर, तिने अंगणातच केलं. थबकल्या! आता अंगणातल्या एकाही मुंगीला सुखाने चालता येत नाहीये.

विकासपुरुष

सगळं छान, पण एक विचारू? एवढी मोठी जागा नुसती पडीक. गावाने मनावर घेतलं, लोकसहभागातून पाच हजार खड्डे केले, गिरिपुष्प, सुबाभूळ, करंज लावले तर पाच वर्षांत हिरवंगार. सावली होईल, पाऊस येईल. कुसळं आणि मुंग्या बघत बसण्यापेक्षा ते बरं नाही का? राग मानू नका.

कुरणवाली

राग मानत नाही, पण उत्तर मोठं आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकले ते अशाच माळांवर गुडघे फोडून.

"पडीक" हा शब्द महसुली दप्तरातला आहे. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक. तिथे काय जगतं याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. लळिंगच्या माळावर वीतभर मुरूम आणि खाली काळा खडक. या खोलीत जे जगू शकतं ते तिथे आहेच: पवन्या, मारवेल, कुसळी. गवताचं शरीर बघायला गेलं तर निम्म्याहून जास्त जमिनीखाली असतं. तीच मुळं माती धरून ठेवतात आणि कार्बनही तिथेच साठतो. मे महिन्यात वर जे पिवळं दिसतं ते त्याचं वाळत घातलेलं धुणं समजा, घर खाली आहे.

आता तुम्ही जेसीबी लावून खड्डे आणि सलग समतल चर काढले तर पहिला फटका याच मुळांना. वरचा मुरूम उलथला की पहिली येते ती वेडी बाभूळ. सुबाभूळ आणि गिरिपुष्प दोन्ही मेक्सिकोकडचे पाहुणे. टँकरने पाणी घालून जगवाल तेवढे जगतील. आणि ठेलारी लोक मेंढरं घेऊन कुठे जातील? साक्रीकडचे ठेलारी पिढ्यान्‌पिढ्या याच कुरणांच्या भरवशावर आहेत. त्यांना विचारा, कुसळी कधी चारायची. कुसळ धरायच्या आधी ती उत्तम चारा, नंतर लोकरीत आणि कातडीत घुसते. एवढं बारीक वेळापत्रक ज्या जमिनीचं आहे ती पडीक कशी?

झाडं लावायचीच असतील तर रस्त्याच्या कडेला, गावठाणात, शाळेत, बांधावर लावा. कडुनिंब लावा, मी खड्डे खणायला येते. माळावर लावायचं तर अंजनाचं बी टाका आणि विसरून जा. अंजनाचं रोप सुरुवातीला वर येतच नाही, आधी मूळ खोल पाठवतं. लोकांना वाटतं रोप खुरटलं. प्रत्यक्षात ते खडकात भेग शोधत असतं. म्हणून तर माळकरींना बाकी सगळं वाळलेलं असताना अंजन तांबूस पालवीत दिसलं. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. आमच्या आजोबांच्या बैलगाडीत होतं.

विकासपुरुष

मुद्दा घेतला. पण लोकांना काहीतरी करायचं असतं हो. "काही करू नका" असं सांगून मोहीम कशी उभी राहणार?

कुरणवाली

उन्हाळ्यात माळ पेटतो तेव्हा विझवायला या. तिथे माणसं कमी पडतात. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढायला फेब्रुवारीतच यावं लागतं, तेव्हा कुणाला सुट्टी नसते.

फिनिक्सचा खान्देशी

मूळ गाव पारोळा, मुक्काम ॲरिझोना, बारा वर्षं. इथे खरंखुरं वाळवंट आहे, सोनोरन. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास. धुळ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतो, म्हणून आपल्या माळाला वाळवंट म्हणता येणार नाही. पण मे-जूनमध्ये पहाटे फिरायला गेलो की सारखा घरचा माळ आठवतो.

तुमची नेपती वाचून हसलो. इथे पालो व्हर्दे नावाचं झाड आहे, नावाचा अर्थच हिरवी काठी. पानं नावापुरती, अन्न बनवायचं काम सालीकडे. नेपतीचंही तेच, पान ठेवलं तर पाणी उडतं. झाडांचं कुळ वेगळं, खंड वेगळा, पण दोघांना युक्ती एकच सुचली.

सग्वारो म्हणजे चित्रपटात दिसणारा हात वर केलेला उंच निवडुंग. त्याला याच दिवसांत फुलं येतात. रात्री उमलतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. रात्री वटवाघळं, सकाळी मधमाश्या. निवडुंगांचा सगळा कारभारच रात्रीचा. पानांना श्वास घ्यायला छिद्रं असतात तशी यांच्या हिरव्या अंगाला असतात, ती दिवसा बंद आणि रात्री उघडी. दिवसा उघडली तर पाणी जाईल. रात्री हवा आत घेऊन आंबट करून साठवायची, दिवसा दार लावून वापरायची.

आणि सगळ्यात मोठा धक्का पहिल्या वर्षी बसला. इथेही जुलैत पाऊस येतो, त्याला हे लोक मॉन्सूनच म्हणतात. पहिला जोराचा पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर लाल मखमली किडे! मी गुडघ्यावर बसलो आणि बायकोला म्हटलं, मृगाचे किडे. ती नाशिकची, तिने फोटो काढून सासूबाईंना पाठवला. आई म्हणाली, "तठे बी मिरीग लागना का?" इथला जरा वेगळ्या जातीचा आहे, पण काम तेच: पाऊस पडला की वर यायचं, त्याच वेळी उडणाऱ्या वाळव्या खायच्या आणि परत मातीत.

सिस्टर

सरकारी दवाखान्यात नोकरी केलीय, म्हणून दोन कोरडी वाक्यं. दगड हाताने उलथू नका. माळावरच्या दगडाखाली फुरसं आणि लाल विंचू हे दोघेही मे महिन्यात थंडाव्याला असतात. पायात बूट, हातात काठी, आणि लहान मूल सोबत असेल तर बसायच्या आधी जागा बघा.

लाल विंचू चावल्यावर लिंबू, मंत्र, ब्लेडने चिरणं यात वेळ घालवू नका. मूल घामाने डबडबलं, उलट्या करायला लागलं की थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, त्याआधी यात पोरं हृदय बंद पडून जायची. आज ती गोळी साधी, स्वस्त आहे. फक्त वेळेत पोहोचा.

माळकरी

सिस्टर, बरं केलंत. आम्ही दगड उलटले नाहीत, पण ते शहाणपणाने नव्हे, आळसाने. पुढच्या वेळी काठी.

निवडुंगाची बोंडं

कुणी फड्या निवडुंगाचं नावच काढलं नाही! आमच्या शेताच्या कुंपणाला तो होता. त्याच्या फड्यांवर कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं असायचं. ते चिरडलं की बोटं लालभडक. आम्ही मुली त्याने नखं रंगवायचो आणि आजी ओरडायची.

मोठेपणी कळलं, तो पांढरा बोळा म्हणजे किडा. लाल रंग मेक्सिकोतल्या याच कुळातल्या किड्यापासून निघायचा आणि त्याला युरोपात सोन्याचा भाव होता. इंग्रजांना तो धंदा हिंदुस्थानात करायचा होता. म्हणून १७९५ साली ब्राझीलहून किडा कलकत्त्याला आणला. आणला तो चुकीच्या जातीचा! रंग हलका निघाला, धंदा बुडाला. पण किड्याने इथल्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये दक्षिणेत निवडुंग फार माजला म्हणून त्याच कुळातला दुसरा किडा श्रीलंकेतून मुद्दाम आणून सोडला. म्हणजे आधी रंगासाठी किडा आणताना झाड मेलं, मग झाड मारायला किडा आणला. निवडुंग स्वतःही परदेशीच, हे आणखी वेगळं.

शहादेकर

अवांतर आहे, पण "उन्हाळ्यात सगळं मेलेलं" वाचून राहवलं नाही. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा पक्का पुरावा कुणाला मिळाला नव्हता, नामशेष झालं असं धरून चालले होते. १९९७ साली आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात ते परत सापडलं. आमचे पावरा आणि भिल्ल भाऊ त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना कुणी विचारलं असतं तर काय म्हणाले असते, हा विचार मी अनेकदा करतो.

भरीतभाकरी

एक गोष्ट राहिली म्हणून खास लॉगिन केलं. माळकरी, तुम्हाला भुईरिंगणी दिसली नाही असं होऊच शकत नाही. जमिनीला चिकटून काटेरी पानं, जांभळी फुलं, पिवळी गोट्यांसारखी फळं, भर मे महिन्यात. तिच्या फुलाचे पिवळे परागकोश बंद डबीसारखे, टोकाला फक्त बारीक भोक. माशीने नुसतं बसून काही मिळत नाही. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी फुलाला मिठी मारते आणि पंख न हलवता अंग थरथरवते, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग पडतात. तो आवाज उडण्याच्या आवाजापेक्षा चढा असतो. एकदा ऐकला की विसरत नाही. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही.

वांगं हे रिंगणीचंच भावंड. वांग्याच्या फुलालाही हीच माशी लागते. माळावरची वाळकी खोडं आणि मोकळी माती गेली तर ही माशी अंडी कुठे घालणार? विकासपुरुषांनी भरिताच्या पार्टीआधी याचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.

विकासपुरुष

भरितावर आलात म्हणजे विषय संपला. शरण!

उलटा पाऊस

माळकरींच्या लेखातली दोन कोडी सुटली नाहीत, म्हणून पुन्हा आलो. रुईवरचा पिवळा-निळा टोळ लपत नाही कारण त्याला गरज नाही. रुईच्या चिकात हृदयाला घातक विष असतं. हा टोळ ते खाऊन अंगात साठवतो, आणि पकडलं तर अंगावर पिचकारी मारतो. भडक रंग ही "मला खाऊ नका" अशी पाटी. रुईवरच वाढणारं केशरी फुलपाखरू, बिबळ्या कडवा, त्याचंही तेच.

काड्यांचा जुडगा म्हणजे एका पतंगाची अळी. रेशमाची पिशवी विणते आणि त्यावर काड्या नाहीतर बाभळीचे काटे लावते. वाढेल तसं घर वाढवते. कोष करायची वेळ आली की पिशवी फांदीला घट्ट बांधून टाकते. नर असेल तर पंख फुटून उडून जातो. मादीला पंखच येत नाहीत. ती त्या पिशवीतच राहते, तिथेच अंडी घालते, तिथेच मरते.

केळीचं पान

हे वाचून मलाच कसंतरी झालं. भाचीला सांगू नका.

माळकरी

उशिरा सांगतोय, माफ करा. भाची शाळा सुरू व्हायच्या आधी पुण्याला परत गेली. मृगाचा पाऊस परवा झाला, चांगला तासभर. काल पहाटे एकटाच गेलो, काठी घेऊन (सिस्टर, नोंद घ्यावी).

मुंग्यांचं भुशाचं कडं वाहून गेलं होतं, पण बिळाच्या तोंडाशी नवी माती काढून त्यांनी धान्य वाळत घातलं होतं, गच्चीवर घालतात तसं. बोरीखालचे खड्डे पावसाने बुजलेले, फक्त झाडाच्या बुंध्याला लागून कोरड्या जागेत दोन उरले होते. ओल्या मुरुमात कुसळं उभी रोवलेली, शेपट्या वर. मृगाचे किडे किती तरी! मी आठ पाय मोजून पाहिले, मास्तरांची आठवण झाली. हा कीटक नव्हेच, कोळ्यांच्या गोतावळ्यातला. वावरवाल्यांच्या भुंगेऱ्यांसाठी संध्याकाळी बांधावरही गेलो होतो. कुरकुर ऐकली. पावसाचीच सर वाटावी इतकी.

व्हिडिओ कॉलवर भाचीला सगळं दाखवलं. मखमली किड्यावर ती खूश झाली, पण पाच मिनिटांतच म्हणाली, "मामा, बाभळीकडे चल ना. तो काड्यांचा जुडगा आहे का अजून?"

होता. त्याच फांदीवर, आणखी दोन पेरं मोठा, घट्ट बांधलेला. बोट लावलं तरी हलला नाही. केळीताई, मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने हा धागा स्वतःच वाचलाय, बहिणीच्या फोनवरून.

बराच वेळ स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "मादी असेल. हात नको लावूस."